६ मिमीचे टँक: ओळखायचे कसे, रंगवायचे कसे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरात आता बऱ्यापैकी पोरं आणि पोरांचे बाप पण हे बारके टँक घ्यायला लागलेत, आणि प्रश्न तेच तेच येतात, त्यामुळे एकदाचं सगळं एका जागी लिहून टाकलंय. आधी ओळख आणि मग रंग, हा क्रम मोडू नका, कारण टँक कुठला हेच माहीत नसेल तर रंग कुठला लावणार ओ?

हे नक्की काय असतं? शोभेचं मॉडेल का खेळणं?

खेळायचं सामान आहे. टेबलावर जमीन मांडायची, दोन्ही बाजूंनी टँक लावायचे, पट्टीने अंतर मोजून हलवायचे, फासे टाकून गोळा लागला का नाही ते ठरवायचं. ६ मिमी म्हणजे या मापात उभा माणूस साधारण ६ मिमीचा होतो. टँकसाठी स्केल १/२८५ किंवा १/३००. अमेरिकेतल्या जीएचक्यू कंपनीने १९६७ च्या सुमारास १/२८५ चं प्रस्थ सुरू केलं, ब्रिटिश कंपन्या जास्त करून १/३०० काढतात.

किती बारका ते कळायला खिशातली नाणी काढा. दहाचं नाणं २७ मिमीचं. सेंच्युरियन या टँकची बॉडी तोफेची नळी सोडून बरोब्बर त्याच्यावर मावते. शर्मन तर २० मिमीच्या आसपास, म्हणजे एक रुपयावर बसला.

१/२८५ आणि १/३०० मिसळले तर चालतं का?

चालतं. फरक पाच टक्के, म्हणजे टँकमागे एक मिमी. फक्त एकाच ट्रूपमध्ये (टँकच्या छोट्या तुकडीत) एकाच जातीचे दोन मापाचे ठेवू नका, शेजारी शेजारी असले की डोळ्याला खुपतं. १/१४४ मात्र यात घालू नका, तो दुप्पट होतो.

जुना मिक्स डबा मिळालाय, पाकीट नाही नाव नाही. कुठला टँक हे कसं ओळखायचं?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

सगळे वरून बघतात, टरेट (वरचा फिरणारा तोफेचा भाग) कसा आहे, नळी किती लांब आहे. नळी वाकलेली असते, तुटलेली असते, आधीच्या मालकाने भलताच टरेट बसवलेला असतो. खाली बघा. चाकं मोजा. चाकं बॉडीसोबतच ओतलेली असतात, ती कोणी बदलत नाही.

चमकत्या धातूवर चाकं दिसत नाहीत ही तक्रार बरोबर आहे, त्याला उपाय असा की काळी शाई पाण्यात पातळ करून नुसती बाजूला फिरवायची. शाई खाचांत बसते, चाकं उठून दिसतात, मग मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघायचा. प्रायमर (रंगाआधीचा पहिला हात) मारायच्या आधी हे करा, नंतर करून उपयोग नाही.

आता मोजताना तीन गोष्टी बघायच्या: खाली मोठी चाकं किती, वर पट्टा उचलून धरणारे छोटे रोलर आहेत का आणि किती, आणि चाकांमधलं अंतर सारखं आहे का कुठे जास्त आहे.

दुसऱ्या महायुद्धातले घेऊ. सहा मध्यम चाकं आणि वर तीन रोलर असले तर पँझर ३. आठ बारकी चाकं दोन दोनच्या जोडीत आणि वर चार रोलर म्हणजे पँझर ४. चाकं एकात एक अडकल्यासारखी दिसली तर पँथर नाहीतर टायगर, मग बॉडी बघा, बाजू तिरकी असेल तर पँथर, सरळ पेटीसारखी उभी असेल तर टायगर १. पाच मोठी चाकं, वर रोलर एकही नाही, बॉडी सगळीकडून उतरती, हा टी-३४. ब्रिटिश क्रॉमवेललाही पाच मोठी चाकं आणि रोलर नाही, पण त्याचा टरेट चौकोनी डब्यासारखा आणि पुढची प्लेट उभी, त्यामुळे घोळ होत नाही. शर्मनला एका बाजूला तीन बोगी, प्रत्येकीत दोन चाकं, आणि अंगाने चांगला उंच. तसल्याच बोगी दिसल्या पण एक मोठी तोफ बॉडीच्या उजव्या कडेला बसवलेली असली तर तो ली किंवा ग्रँट. अकरा बारकी चाकं आणि पट्टा बॉडीच्या वरपर्यंत गेलेला, तो चर्चिल.

टरेटच नाहीये? तुटला म्हणून फेकून देऊ नका, मुळातच नसेल. पँझर ३ ची चाकं आणि टरेट नाही म्हणजे स्टुग ३. चार मोठी चाकं आणि छोटी तिरकी पेटी म्हणजे हेट्झर. टी-३४ ची पाच चाकं असतील तर एसयू-८५ नाहीतर एसयू-१००. चाकं कळली की निम्मं घराणं कळलं, मग पुढे कुठलं मॉडेल ते नळीवरून ठरवा.

१९६५ चं भारत-पाक युद्ध खेळायचंय. पॅटन आणि सेंच्युरियन वेगळे कसे काढायचे?

आपल्याकडे सगळ्यांना हेच खेळायचं असतं आणि त्यात चुकीचं काही नाही. दोन्हींना सहा सहा चाकं, त्यामुळे नुसती संख्या इथे कामाची नाही.

सेंच्युरियनला बाजूने लांब पत्र्याची झडप असते, वरचा अर्धा पट्टा त्याच्या मागे झाकलेला, चाकं जोडीजोडीने. पॅटनला तसली झडप नाही, पट्टा आणि वरचे रोलर उघडे दिसतात.

मग पॅटन कुठला? पाकिस्तानकडे त्या युद्धात एम-४७ आणि एम-४८ दोन्ही होते. एम-४७ ला वर तीन रोलर, टरेट पुढे निमुळता आणि मागे लांब शेपूट काढल्यासारखा. एम-४८ ला पाच रोलर (पुढे एम-४८ए२ ला तीन केले, तेवढं लक्षात ठेवा), टरेट गोल घुमटासारखा, बॉडीचं नाक होडीसारखं गोल. ६ मिमीत रोलर मोजणं जमलं नाही तर वरून टरेट बघा. इथे मी स्वतःचाच नियम मोडतोय, पण या जोडीत टरेटचा फरक खरंच इतका ठळक आहे.

आपल्या बाजूला असल उत्तरच्या लढाईत सेंच्युरियन होते ३ कॅव्हलरी रेजिमेंटचे, शर्मन होते डेक्कन हॉर्सचे आणि एएमएक्स-१३ होते ८ लाइट कॅव्हलरीचे. एएमएक्स-१३ ओळखायला सोपा, पाच चाकं, अंगाने बारका, टरेट पार मागे सरकवलेला. आणि अब्दुल हमीद यांची १०६ मिमीची जीपवरची तोफ विसरू नका, टेबलावर ती जीप नसेल तर तो खेळ असल उत्तरचा नाहीच. त्याच युद्धातली फिल्लोरा-चाविंडाची लढाई खेळायची तर पूना हॉर्सचे सेंच्युरियन लागतील, कर्नल तारापोर यांची रेजिमेंट.

१९७१ साठी काय काय लागतं?

बसंतरच्या लढाईत पुन्हा सेंच्युरियन विरुद्ध पॅटन, म्हणजे १९६५ चेच टँक कामाला येतात, पैसे वाचले. अरुण खेत्रपाल यांच्या सेंच्युरियनचं नाव फामागुस्ता होतं, ते नाव या मापात हाताने लिहायचा नाद करू नका, एक बारीक पांढरी रेघ मारा, बस.

पूर्वेकडे गरीबपूर, २१ नोव्हेंबर १९७१, आपले पीटी-७६ आणि समोर पाकिस्तानचे शॅफी. छोटी लढाई, थोडे टँक, नवीन माणसाला सुरुवातीला एकदम योग्य. पीटी-७६ ला सहा चाकं, रोलर नाहीत, बॉडी रुंद आणि चपटी, पाण्यात पोहणारा आहे ना. शॅफीला पाच चाकं आणि वर तीन रोलर.

लोंगेवाला सगळ्यांना हवं असतं, पण खरं सांगायचं तर टँक खेळायला ती लढाई मजेची नाही. सकाळ झाली की आपली हंटर विमानं येतात आणि समोरच्या पोराला नुसतं बसून टँक उचलून ठेवावे लागतात.

टी-५४, टी-५५, टी-५९, टी-६२, मला सगळे सारखेच दिसतात बे.

पहिले तीन या मापात सारखेच आहेत, त्यात डोळे फोडून घेऊ नका. टी-५९ ही टी-५४ चीच चिनी आवृत्ती. पाच चाकं, रोलर नाहीत, पहिल्या आणि दुसऱ्या चाकात मोठी फट. टी-६२ ला फटी मागच्या बाजूला, तिसऱ्या-चौथ्या आणि चौथ्या-पाचव्यात. शिवाय नळीवरचा फुगवटा टी-५५ ला एकदम तोंडाशी, टी-६२ ला तोंडापासून बराच आत.

सहा चाकं आणि रोलर दिसले की टी-६४, टी-७२ च्या पुढची मंडळी. टी-७२ ची चाकं मोठी आणि रोलर तीन, टी-६४ ची चाकं बारकी आणि रोलर चार.

मोजून ओळखता येतं का?

येतं की. व्हर्नियर घ्या, नळी सोडून बॉडीची लांबी मोजा, २८५ ने किंवा ३०० ने गुणा. २०.५ मिमी आली तर गुणिले २८५ म्हणजे ५.८४ मीटर, हा शर्मन. पण अडचण अशी की टी-३४, टायगर, टी-५५, एम-४७ सगळ्यांची बॉडी सहा-साडेसहा मीटरच्या आसपास घुटमळते, त्यामुळे माप हे चाकं मोजल्यावर खात्री करायला वापरा.

खरे टँक कुठे बघायला मिळतील?

करमाळ्यावरून अहिल्यानगरला जा, तिथे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, आर्मर्ड कोअरचं ट्रेनिंग सेंटरच त्या गावात आहे. सेंच्युरियन, विजयंता, पकडलेले पॅटन उघड्यावर उभे आहेत. फोटो काढणार असाल तर टँकच्या समोर उभं राहून सेल्फी नका काढू, बाजूने गुडघ्यावर बसून चाकांचे फोटो काढा, घरी आल्यावर तेच कामाला येतात. माती कुठे साचते, रंग कुठे घासला जातो, तेही तिथेच कळतं.

टँक आणायचे कुठून? थ्रीडी प्रिंट चालेल का?

धातूचे बाहेरून मागवावे लागतात, त्यावर कुरिअर आणि कस्टम, त्यामुळे चार जणांनी मिळून एकच पार्सल मागवा. नाहीतर रेझिन प्रिंट. इंजिनिअरिंगच्या पोरांकडे प्रिंटर असतात, फाइल दिली की काढून देतात. प्लास्टिकच्या तारेचा प्रिंटर नको, रेझिनचाच घ्या, तारेच्या प्रिंटला थर दिसतात आणि चाकांची वाट लागते.

प्रिंट हातात चिकट लागली तर ती नीट धुतलेली नाही. हातमोजे घालून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची, पूर्ण वाळवायची, मग उन्हात ठेवायची. सोलापूरचं ऊन याला लई भारी, पण तासन्‌तास विसरू नका, जास्त झालं की ठिसूळ होते आणि नळी पहिल्यांदा जाते.

धातूच्या टँकमध्ये शिसं असतं का? घरात लहान पोरं आहेत.

जुन्या ओतीव मालात असू शकतं, म्हणून जुना डबा असेल तर आहे असंच धरून चाला. कानस मारताना धातू ओला ठेवा म्हणजे भुकटी उडत नाही, खाली कागद घ्या आणि तो गुंडाळून टाका, हात साबणाने धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. लहान पोरांच्या हातात द्यायचे नाहीत. एवढा टँक ते गिळतात, शिसं असो नसो.

रंगवायच्या आधी काय तयारी?

साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवा. साच्याची रेघ सोनाराच्या बारीक कानशीने काढा, सराफ कट्ट्याच्या बाजूला हत्यारांच्या दुकानात मिळते, चिमटा पण तिथेच घ्या, चांगला टोकदार. मग आइस्क्रीमच्या काडीवर डबल टेपने चार-पाच टँक ओळीत चिकटवा. एकेक टँक हातात धरून रंगवणारा माणूस तिसऱ्या टँकला कंटाळतो. काडीवरचे सगळे एकदम, एक रंग झाला की दुसरा.

प्रायमर हार्डवेअरच्या दुकानातला गाडीचा ग्रे स्प्रे चालतो. लांबून, पातळ, दोन हात. जाड मारला तर चाकं बुजली, आणि मग आपण एवढं मोजलं ते कशाला?

एप्रिल-मेमध्ये स्प्रे खरखरीत येतो, का?

कारण बाहेर ४२-४३ डिग्री आहे आणि रंग टँकपर्यंत पोचायच्या आतच हवेत वाळतो, मग नुसती पूड बसते. सकाळी सहा-सातला मारा, डबा सावलीत ठेवलेला असू द्या. गच्चीवर दुपारी तर अजिबात नको, डबा गरम झाला तर धोका आहे.

ज्यांच्या घराशेजारी पॉवरलूम आहे त्यांना अजून एक त्रास, हवेत कापसाचे तंतू उडतात आणि ओल्या रंगावर येऊन बसतात. या मापात एक तंतू म्हणजे टँकवर दोरखंड पडल्यासारखा दिसतो. स्प्रे झाला की लगेच वरून खोका पालथा घाला.

ब्रशने रंगवतानाही तेच, पॅलेटवर रंग दोन मिनिटांत कातडं धरतो. डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. पंखा बंद. हो, मे महिन्यात पंखा बंद, म्हणून तर सगळे पहाटे रंगवतात.

रंग वाळल्यावर पांढुरकी झाक येते.

बोअरचं पाणी वापरताय. क्षार आहेत त्यात. बॅटरीत घालायचं पाणी आणा, एक बाटली महिनोन्‌महिने पुरते.

रंग कुठले घेऊ? बाहेरचे महाग आहेत.

वायेहो, तामिया चांगलेच आहेत, वाद नाही. पण कॅमलच्या ॲक्रिलिकवरही होतं, पातळ करून दोन-तीन हात द्यायचे आणि घाई करायची नाही. माझं मत विचाराल तर मुख्य रंग कॅमलचे घ्या आणि पैसे एका चांगल्या वॉशवर (म्हणजे काय ते खाली आहे) आणि मॅट वार्निशवर घाला, फरक तिथे पडतो.

नेमका शेड कुठला? पुस्तकात दिलेला ऑलिव्ह लावला तर टँक काळाच दिसतोय.

दिसणारच. खरा टँक मोठा असतो, त्याच्यावर ऊन पडतं. २२ मिमीच्या तुकड्यावर तोच रंग दोन शेड गडद वाटतो. पुस्तकातला रंग घ्या आणि त्यात खाकी किंवा क्रीम घालून उजळ करा, डब्यात बघून "हे जरा फिकट झालं" असं वाटलं पाहिजे, मग वॉशनंतर बरोबर येतं. नुसता पांढरा घालू नका, खडूसारखं दिसतं.

शेडवर भांडणारे लोक खूप आहेत. आपल्याकडे नियम एवढाच की काळ चुकता कामा नये. युरोपातले जर्मन टँक १९४३ च्या फेब्रुवारीपर्यंत गडद राखाडी, त्यानंतर गडद पिवळा मूळ रंग आणि त्यावर गरजेनुसार हिरवे आणि तांबूस पट्टे. १९४० च्या फ्रान्समध्ये पिवळा पँझर उभा केला तर लोक हसणारच. रशियन साधा हिरवा, थंडीत वरून पांढरा चुना. अमेरिकन ऑलिव्ह. भारतीय १९६५-७१ चा ऑलिव्ह हिरवा, त्यावर भरपूर धूळ.

वॉश आणि ड्रायब्रश म्हणजे काय, आणि दोन्ही लागतातच का?

लागतात, आणि ६ मिमीत खरं काम हेच दोघं करतात. वॉश म्हणजे गडद तपकिरी पातळ रंग, खाचांत बसतो आणि भाग वेगळे दाखवतो. सगळीकडे थापायचा नाही, वरच्या सपाट पत्र्यावर डबकं झालं तर कोरड्या ब्रशने ओढून घ्या. काळा वॉश नको, तपकिरी घ्या.

ड्रायब्रश म्हणजे ब्रशवर फिकट रंग घेऊन जवळपास सगळा फडक्याला पुसून टाकायचा, आणि उरलेला कडांवरून हलका फिरवायचा. याला महागाचा ब्रश लागत नाही, नवी पेठेतल्या लेडीज स्टोअरमध्ये आयशॅडोचा गोल मऊ ब्रश मिळतो तो सगळ्यात भारी. दुकानदार कशासाठी विचारतो, सांगा टँकसाठी, पुढे तो काही विचारत नाही.

शेवटी पट्टे गडद तपकिरी, त्यावर किंचित धातूचा रंग, आणि चाकांच्या खाली धुळीचा फिकट हात. धूळ खालून वर कमी होत गेली पाहिजे.

००० नंबरचा ब्रश घेऊ का?

नको. त्याच्या टोकावर रंग टेकवेपर्यंत वाळतो. एक नंबरचा चांगल्या टोकाचा घ्या.

नंबर आणि चिन्हं कशी काढू?

डिकल (ओलं करून चिकटवायचं चित्र) कागदावर घरच्या प्रिंटरने काढता येतात पण पांढरा रंग प्रिंट होत नाही, आणि टँकवर निम्मं सगळं पांढरंच असतं. त्यामुळे पांढरा ठिपका ब्रशने द्यायचा आणि वरून बारीक पिग्मेंट पेनने खूण करायची. हातभर लांबून आकडा वाचता येत नाही, आकडा आहे एवढंच कळतं, तेवढं पुरे.

खेळायला उपयोगी खूण बेसच्या मागच्या कडेला करा, कुठला ट्रूप ते तिथे लिहा.

मॅट वार्निश मारलं आणि सगळं पांढरं धुरकट झालं!

पावसाळी हवेत मारलंत. हवेत ओल असली की असं होतं. पुन्हा कोरड्या दिवशी पातळ हात मारून बघा, बऱ्याचदा निघतं. जुलै-ऑगस्टमध्ये वार्निश ब्रशनेच लावा.

टेबलाची जमीन कशी करायची?

यात आपल्याइतकं सुखी कोणी नाही. सोलापुरी चादर टेबलावर पसरा, खाली जुनी पुस्तकं सरकवा, टेकड्या तयार. नक्षीची नको, साधी खाकी-हिरवी बघा किंवा उलटी टाका. शेतासाठी टर्किश टॉवेलचे तुकडे कापा, त्याचे उभे लूप या मापात हुबेहूब पीक दिसतात, वरून पिवळा-हिरवा ड्रायब्रश.

असल उत्तर मांडायचं असेल तर ऊस पाहिजेच, आपले टँक उसात लपून बसले होते आणि कालव्याचं पाणी सोडून रान चिखल केलं होतं, पॅटन त्यात रुतले. जाड लूपचा टॉवेल गडद हिरवा करा, रांगा ओढा. चिखलाला फेव्हिकॉल आणि तपकिरी रंग, वरून ग्लॉस.

टँकच्या बेसला चाळलेली बारीक रेती आणि फेव्हिकॉल. रेती चाळून घ्या, नाहीतर टँकशेजारी धोंडे पडल्यासारखं दिसतं. काळी माती वापरायची तर आधी तव्यावर भाजून घ्या. घरच्यांना विचारून, जुन्या तव्यावर.

चाळिशी लागलीय, एवढं बारीक दिसत नाही. जमेल का?

जमेल. घड्याळवाल्याचं भिंग फक्त चाकं मोजायला वापरा, रंगवताना नको, भिंगातून रंगवलं की माणूस खिळे रंगवत बसतो जे टेबलावर कोणालाच दिसत नाहीत. साधा जवळचा चष्मा आणि पांढरा एलईडी दिवा बास आहे. रंगवताना अधूनमधून काडी हातभर लांब धरून बघा. तिथून टरेट, बॉडी आणि पट्टा वेगळे दिसले की टँक झाला.

पहिल्यांदा किती घेऊ?

आपल्या स्क्वाड्रनमध्ये १४ टँक, तीन तीनचे चार ट्रूप आणि हेडक्वार्टरचे दोन. तेवढे सेंच्युरियन घ्या आणि समोर तेवढेच पॅटन. पॅटन आधी रंगवा, हात बसेपर्यंतचं काम समोरच्याच्या बाजूला जाऊ द्या.